नाव एकाचं, फ्रेम दुसऱ्याची

मागच्या अंकात जुन्या इटालियन स्टील फ्रेम्स विकत घेताना काय पाहावं, याचं चौकटीतलं टिपण छापलं होतं. त्यात ओघात एक वाक्य येऊन गेलं : 'फ्रेमवर ज्याचं नाव आहे त्यानेच ती बांधली असेल असं नाही.' त्या एका वाक्याने बऱ्याच जणांची झोप उडवलेली दिसते. आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. एकाच आशयाची पत्रं एकत्र केली आहेत.

मेहुण्याने मिलानहून 1980 च्या दशकातली एका नामांकित इटालियन ब्रँडची फ्रेम आणली. डेक्कनवरचा एक जाणकार म्हणतो, ही 'त्यांची' नाहीच, पदुआकडच्या कुठल्याशा कारखान्यात बांधलेली आहे. म्हणजे डुप्लिकेट? पैसे पाण्यात गेले का? — एक वाचक, कोथरूड

नाही गेले. परवानगीशिवाय नाव लावलं तर ते डुप्लिकेट. इथे ज्याचं नाव आहे त्यानेच काम बाहेर दिलं, नळ्या आणि मापं दिली, तयार फ्रेम तपासून घेतली आणि आपल्या नावाने विकली. इटलीत अशा कारखानदाराला 'कोंतोतेर्झिस्ता' म्हणतात, म्हणजे तिसऱ्याच्या खात्यावर काम करणारा. पुणेकराला हा शब्द समजावून सांगायची गरज नाही. आपल्याकडे तेच 'जॉबवर्क'. गाडीवर नाव बड्या कंपनीचं असतं आणि आतला निम्मा माल भोसरी-चाकणच्या शेडमधून आलेला असतो. त्या गाडीला कोणी डुप्लिकेट म्हणत नाही.

हे तिकडे इतकं का फोफावलं, याचं पहिलं कारण भूगोलात आहे. नळ्या मिलानच्या कोलंबसच्या, ड्रॉपआउट (चाकाचा एक्सल बसतो त्या खाचा) आणि बाकीचे भाग विचेन्झाच्या कांपान्योलोचे, लगही (नळ्या जुळतात तिथली धातूची बाही) ओतकाम करणाऱ्या त्याच मोजक्या कारखान्यांचे. लोम्बार्दी आणि व्हेनेतो हे दोन शेजारी प्रांत मिळून सगळा कच्चा माल हाताशी होता. मग फ्रेम बांधायला लागतं काय? जिग (नळ्या मापात धरणारा सांगाडा), गॅसची बत्ती, कानशी आणि ज्याचा हात बसलाय असा माणूस. ब्रँडच्या स्वतःच्या वर्कशॉपमध्ये असे चार-सहाच हात असायचे. वसंतात रेसचा हंगाम सुरू होण्याआधी अमेरिकेच्या आयातदाराची मोठी ऑर्डर आली की ते पुरत नसत. मग काम शेजारच्या गावात जायचं. काही अमेरिकन आयातदारांनी तर इटालियन नावाचे स्वतःचे ब्रँड काढले. त्यांचा स्वतःचा इटलीत कारखानाच नव्हता, सगळी बांधणी जॉबवर्कवर.

दुसरं कारण रेसर. संघाचा करार एका सायकल कंपनीशी, पण रेसरच्या कंबरेला सवय दुसऱ्याच कारागिराच्या मापाची. अशा वेळी फ्रेम जुन्या कारागिराकडून बांधून घ्यायची आणि रंग-स्टिकर प्रायोजकाचे लावायचे, ही उघड गुपितासारखी रीत होती. बेल्जियन रेसर एडी मर्क्स यांनी 25 ऑक्टोबर 1972 रोजी मेक्सिको सिटीत तासाभरात जास्तीत जास्त अंतर कापण्याचा, 49.431 किलोमीटरचा विक्रम केला. ती सायकल इटालियन कारागीर एर्नेस्तो कोलनागो यांनी बांधली होती, नळीवर नाव मात्र 'विंडसर' या मेक्सिकन कंपनीचं. पुढे मर्क्स यांच्या सायकली दुसरे इटालियन कारागीर उगो दे रोझा यांनी बांधल्या, आणि 1980 मध्ये मर्क्स यांनी बेल्जियममध्ये कारखाना काढला तेव्हा तो उभा करायला मदतही दे रोझांनीच केली. अमेरिकन रेसर ग्रेग लेमाँड यांच्या नावाने विकल्या गेलेल्या स्टील फ्रेम्सपैकी बऱ्याच पदुआ भागातल्या बिलातो यांच्या वर्कशॉपमधल्या. कारागीर दारिओ पेगोरेत्ती हे व्हेरोनात लुईजिनो मिलानी यांच्या हाताखाली तयार झाले. स्पॅनिश रेसर मिगेल इंदुराईन यांच्यासारख्यांच्या काही फ्रेम्स पेगोरेत्तींच्या हातच्या, वर नाव संघाच्या प्रायोजकाचं. पेगोरेत्तींनी स्वतःच्या नावाने विकायला सुरुवात केली ती बऱ्याच उशिरा. आज लोक त्याच नावासाठी जास्त पैसे मोजतात, ही गंमत.

तिसरं कारण हत्यारांचं. ॲल्युमिनियमच्या नळ्या आटे पाडून लगमध्ये पिळायच्या आणि गोंदाने पक्क्या करायच्या, हे तंत्र पदुआजवळच्या 'आलान' या कारखान्याने 1970 च्या दशकात बसवलं. ज्यांना हलकी सायक्लोक्रॉस (चिखल-कच्च्या वाटांवरच्या शर्यतीची) फ्रेम हवी होती त्या नामवंत ब्रँडनी ती सरळ आलानकडून घेतली आणि आपलं नाव लावलं. ग्वेर्चिओत्ती आणि कोलनागो दोघांच्याही नावाने अशा फ्रेम्स आहेत.

तेव्हा मेहुण्याला दोष देऊ नका. फ्रेम सरळ आहे का आणि जोड कसे आहेत, एवढं पाहा. ते कसं पाहायचं, ते पुढच्या उत्तरात आहे.

रंग पार गेलेली, नाव नसलेली इटालियन फ्रेम मिळाली आहे. कोणी बांधली हे ओळखता येईल का? — एक वाचिका, वारजे

कोणी बांधली हे खात्रीने क्वचितच. कशी बांधली हे मात्र पुष्कळ कळतं, आणि चालवणाऱ्याला तेच कामाचं.

सायकल उलटी करा, क्रँक आणि बीबी (बॉटम ब्रॅकेट, क्रँक जिच्यावर फिरतो ती बेअरिंगची जोडणी) काढा, शेल (बीबी बसते तो फ्रेमच्या तळाचा आडवा नळीचा तुकडा) रॉकेलने धुऊन आत टॉर्च मारा. नळ्यांची टोकं तिथे दिसतात. चांगल्या कामात प्रत्येक नळीचं टोक शेजारच्या नळीच्या गोलाईला बसेल असं कापलेलं असतं. घाईच्या कामात सरळ कापलेलं टोक आत लोंबतं आणि मध्ये बोट जाईल एवढी फट राहते. लग वरून कितीही देखणा असला तरी अशा जोडात सगळा भार लगवर येतो. जोडातला धातू पिवळा असेल तर पितळ, पांढरट असेल तर चांदी. दोन्ही चालतात. जोडाच्या कडेने तो धातू सलग झिरपलेला दिसला पाहिजे. मध्येच काळी रेघ तुटक दिसली तर तिथे फ्लक्स (जोडताना धातू स्वच्छ ठेवणारं रसायन) अडकला आहे आणि धातू पोचलेला नाही. भेग बहुधा तिथूनच सुरू होते.

शेलच्या तोंडातून खालच्या नळीत बोट घाला. पीळ दिलेल्या पाच उंचवट्याच्या रेघा लागल्या तर नळी कोलंबस एसएलएक्स (कोलंबसच्या नळ्यांचा एक प्रकार) किंवा तिच्या जवळची आहे. मग चिमटा (पुढचं चाक धरणारा फोर्क) काढा. कोलंबसच्या चिमट्याच्या उभ्या नळीतही बुडाशी अशाच रेघा असतात, आणि बाहेरून छोट्या कबुतराचा ठसा सापडू शकतो.

आता फसायच्या जागा. लगवर कोरलेलं चिन्ह ब्रँडचं असतं, बांधणाऱ्याचं नाही. जॉबवर्क देताना कोरलेले लग ब्रँडच पुरवायचा. लगचा आकारही पुरावा नव्हे, तोच लग बाजारात कोणालाही मिळायचा. शेलखालचा नंबर कधी क्रमांक असतो, कधी फक्त नळीचं सेंटिमीटरमधलं माप. '56' दिसलं म्हणून छप्पन्नावी फ्रेम समजू नका. बांधणाऱ्याची खरी सही सापडते ती कोणी बघत नाही अशा ठिकाणी : सीटस्टेचं (सीटकडून मागच्या चाकाकडे उतरणाऱ्या नळीचं) वरचं टोक कसं बुजवलंय, मागच्या ब्रेकच्या पुलाला आधाराचा पत्रा कसा कापलाय, चेनस्टेमधला (शेलपासून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळ्यांमधला) पूल सरळ नळी आहे की घडवलेला. त्याच वर्कशॉपच्या खात्रीच्या दोन-तीन फ्रेम्स शेजारी ठेवल्या तरच या खुणा बोलतात. 'लग बघून सांगतो कोणाची' म्हणणाऱ्याला चहा पाजा, पैसे देऊ नका.

माझ्या फ्रेमवर 'कोलंबस' लिहिलंय. ही कोलंबस कंपनीची सायकल का? — शाळकरी वाचक, सहकारनगर

नाही रे. कोलंबस नळ्या बनवते. आंजेलो लुईजी कोलंबो यांनी 1919 मध्ये मिलानला सुरू केलेली कंपनी. तो स्टिकर म्हणजे शर्टाच्या आतला कापडगिरणीचा शिक्का, शिंप्याचं नाव नव्हे. आणि स्टिकर नवा छापूनही मिळतो, तेव्हा नळी खरंच कोणती हे सीटपोस्टच्या (सीट जिच्यावर बसते त्या दांडीच्या) मापावरून पडताळायचं. तेही पुढे येतंय.

बीबी खडखडत होती म्हणून मेकॅनिककडे दिली. त्याने नवी वाटी (बेअरिंग धरणारा, बाहेरून आटे असलेला कप) लावली तर ती आट्यांवर न बसता डुगडुगते. आता तो म्हणतो, टेफ्लॉन टेप गुंडाळू, नाहीतर लेथवर जाडसर वाटी कातून आणू. करू का? — एक वाचक, हडपसर

दोन्ही करू नका. पुण्यात बहुतेक दुकानांत मिळते ती ब्रिटिश मापाची वाटी. तुमच्या फ्रेमचे आटे इटालियन आहेत.

ब्रिटिश मापात वाटीचा व्यास 1.37 इंच, म्हणजे 34.8 मिलिमीटर, इंचाला 24 आटे, शेलची रुंदी 68 मिलिमीटर, चेनच्या बाजूचे आटे उलटे. इटालियन मापात व्यास 36 मिलिमीटर. इंचाला तेच 24 आटे. शेल 70 मिलिमीटर. दोन्ही बाजूंचे आटे सुलटे. व्हर्नियरने शेलची रुंदी आणि आतला व्यास मोजा. आत 33.6 ते 33.9 आलं तर ब्रिटिश, 34.6 ते 34.9 आलं तर इटालियन. म्हणजेच तुमच्या मेकॅनिकची 34.8 ची वाटी इटालियन आट्यांच्या जेमतेम टोकांवर टेकते. डुगडुगणारच. टेप लावून ती धरल्यासारखी वाटेल, पण सिंहगडाच्या पहिल्या चढावर उभं राहून पायडल मारलं की आट्यांची टोकं घासायला लागतील.

कार्ट्रिज (बेअरिंगसकट बंद, तयार) बीबी मागवताना तिच्यावर '36×24' आणि '70' कोरलेलं पाहून घ्या. '1.37×24' आणि '68' असेल तर परत करा. जुनी सुट्या छर्ऱ्यांची ठेवायची असेल तर प्रत्येक बाजूला पाव इंची 11 छर्रे लागतात.

आणखी एक घोळ काढताना होतो. ब्रिटिशची सवय असलेला माणूस चेनच्या बाजूची वाटी घड्याळाच्या दिशेने फिरवून सोडवायला जातो. इटालियन वाटी त्याने घट्ट होते. ती हलत नाही म्हणून पान्याला चार फुटी पाइप लावला जातो, आणि मग आटे तरी जातात किंवा वाटीचे कोपरे तरी. इटालियन शेलच्या दोन्ही वाट्या घड्याळाच्या उलट दिशेने सुटतात.

इटालियन रचनेत एक मुळातली अडचणही आहे. क्रँक फिरताना छर्रे वाटीला हळूहळू उलट दिशेने रेटतात. चेनच्या बाजूला ही दिशा सुलटे आटे सोडवण्याचीच असते. म्हणूनच ब्रिटिशांनी तिथे आटे उलटे ठेवले. इटालियन शेलमध्ये चेनच्या बाजूची वाटी घट्टपणावरच धरून ठेवावी लागते : आटे रॉकेल आणि ब्रशने कोरडे स्वच्छ करा, मध्यम ताकदीचं थ्रेडलॉकर (आटे सैल होऊ न देणारा गोंद) लावा, आणि कार्ट्रिज असेल तर टॉर्क पान्याने 50 ते 70 न्यूटन-मीटरवर आवळा. 'हाताने चांगली दाबली' याला घट्ट म्हणत नाहीत. पहिल्या 100 किलोमीटरनंतर पुन्हा पान्याने तपासा.

आटे गेलेच असतील तर? ब्रिटिश शेलचे आटे गेले तर त्यात 36 चे इटालियन आटे पाडून फ्रेम वाचते. इटालियन शेल बिघडला की पुढचं मोठं माप नाही. तिथे आटे न वापरता दोन्ही बाजूंनी शेलला दाबून बसणारी बीबी हाच सोपा मार्ग. आटे पाडायचेच तर दोन्ही टॅप एकाच दांड्यावर समोरासमोर चालणारं हत्यार हवं. एक-एक बाजू लेथवर धरून पाडले की दोन वाट्या एका रेषेत येत नाहीत आणि छर्रे महिन्याभरात चघळले जातात.

जाता जाता : इटलीत बांधली म्हणून आटे इटालियनच असतील असं धरू नका. ज्याच्यासाठी बांधली त्याने मागितले तसे आटे पाडले जायचे. निर्यातीच्या फ्रेम्समध्ये ब्रिटिश आटे सर्रास सापडतात. म्हणून मोजा.

सीटपोस्ट 27 ची घ्यायची की 27.2 ची? आणि आताची अडकलेली निघत नाहीये. — एक वाचक, चिंचवड

सीटच्या नळीचा बाहेरचा व्यास 28.6 मिलिमीटर. कोलंबस एसएलमध्ये वरच्या टोकाला पत्रा 0.6 मिलिमीटर, म्हणजे आत 27.4 उरतं आणि पोस्ट 27.2 लागते. एसपी ही थोडी जाड नळी, वर 0.7, म्हणून पोस्ट 27.0. पोस्ट 26.8 किंवा त्याहून बारीक लागत असेल तर नळी जाड आणि स्वस्त वर्गातली, स्टिकर काहीही म्हणो. 27.2 च्या नळीत 27.0 घालून बोल्ट आवळत बसलात तर लगचे कान आत वाकतात आणि फटीच्या बुडाशी भेग जाते.

अडकलेली पोस्ट बहुधा ॲल्युमिनियमची असेल. स्टीलच्या नळीत ग्रीसशिवाय घातलेली, आणि वर आपले चार महिने पाऊस. बोल्ट काढा, बीबी काढा, सायकल उलटी टांगा आणि शेलच्या बाजूने झिरपणारं तेल सोडा. तीन-चार दिवस रोज. मग पोस्टचं डोकं बेंचच्या शिकंज्यात पक्कं धरा आणि फ्रेमच हळूहळू डावी-उजवी फिरवा. पहिली 'टक्' ऐकू आली की थांबा, पुन्हा तेल सोडा, मग फिरवत वर खेचा. लगवर पाइप पाना लावू नका. तरी न निघाल्यास पोस्ट वरून कापून आतून हॅक्सॉच्या पात्याने उभी चीर पाडतात, खाली 0.6 चा पत्रा आहे हे प्रत्येक घासाला लक्षात ठेवून. कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियम खातो हे खरं, पण त्यातून हायड्रोजन सुटतो आणि कातडी जळते. फ्लॅटच्या बाल्कनीत हा उद्योग नको.

मागचं माप 126 आहे, नवं चाक 130. ताणून बसवलं तर चालेल? — एक वाचक, सदाशिव पेठ

हे माप म्हणजे मागच्या दोन ड्रॉपआउटमधलं मिलिमीटरमधलं अंतर. स्टील असेल तर चालेल, पण दर वेळी ताणून नव्हे. एकदाच कायमचं वाकवून. दोन्ही बाजू 2-2 मिलिमीटर. आधी एका ड्रॉपआउटपासून पुढच्या डोक्याच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआउटपर्यंत दोरा ताणा आणि सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंचं अंतर मोजा. एक बाजू थोडी वाकवा, मोजा, मग दुसरी. एकदम जोर लावला की जी बाजू मऊ तीच सगळी वाकते. शेवटी ड्रॉपआउट एकमेकांना समांतर करा आणि डिरेलरचा हँगर (गिअर बदलणारा भाग जिथे टांगतात तो कान) सरळ करून घ्या. हे विसरलं की गिअर कधीच नीट लागत नाहीत. ॲल्युमिनियम किंवा कार्बनवर हा प्रयोग अजिबात नाही.

पावडर कोटिंगवाला म्हणतो, 'द्या, दोन दिवसांत नवी करून देतो.' देऊ? — तीन पत्रं : पिंपळे सौदागर, कात्रज, येरवडा

आधी फ्रेम कसली ते बघा. पावडर भट्टीत 180 ते 200 अंशांवर भाजतात. पितळ किंवा चांदीने जोडलेल्या स्टीलला त्याचं काहीच वाटत नाही. पण आलानसारखी गोंदाने जोडलेली ॲल्युमिनियमची फ्रेम, किंवा ॲल्युमिनियम लगमध्ये चिकटवलेला कार्बन त्या भट्टीतून आला की दिसायला झकास आणि जोडात निकामी. अशा फ्रेमवर स्टिकर कोणत्याही ब्रँडचा असू शकतो, म्हणून नाव नव्हे, जोड पाहा. फ्रेमला लोहचुंबक लावा. चिकटला नाही तर भट्टी बंद.

स्टील असेल तर कोटिंगवाल्याला या गोष्टी लिहून द्या, तोंडी नको. ब्लास्टिंग बारीक कणांनी आणि कमी दाबाने. या नळ्या मध्यावर अर्ध्या मिलिमीटरहून जेमतेम जाड आहेत, फाटकाच्या पाइपसारखं एका जागी नोझल धरून ठेवलं तर पत्रा खाल्ला जातो. ॲसिडच्या टाकीत बुडवायचं नाही. नळीत राहिलेलं ॲसिड आतून काम चालू ठेवतं. बीबीचे आटे, हँगरचे आटे, डोक्याच्या नळीची दोन्ही तोंडं, सीटच्या नळीची आतली बाजू आणि ड्रॉपआउटच्या सपाट बाजू झाकायच्या. हेडसेटची (हँडल फिरतं त्या बेअरिंगची) वाटी 30.2 मिलिमीटरची ठोकून बसते. तोंडाशी पावडरचा थर चढला तर ती तिरकी जाते आणि नळीचं तोंड फुलतं. क्रोम केलेले लग असतील तर पावडर विसरा आणि गाडीच्या रंगाचं काम करणाऱ्याकडे जा. क्रोमवर पावडर धरत नाही, आणि धरावी म्हणून क्रोम खरवडलं की पुन्हा तसं होत नाही.

फ्रेम परत आली की जोडणीच्या आधी नळ्यांत उकळलेलं जवसाचं तेल (तयार 'बॉइल्ड लिनसीड ऑइल', घरी उकळायचं नाही) घाला. 50 मिलिलिटर पुरे. भोकं चिकटपट्टीने बंद करून फ्रेम सगळ्या बाजूंनी फिरवा, उरलेलं काढून टाका, आठवडाभर वाळू द्या. तेलाचे बोळे घडी करून कोपऱ्यात फेकू नका, ते आपोआप पेटतात. बाहेर मोकळ्या हवेत पसरून वाळवा.

साडेचार लाखांची नवी कार्बन सायकल, इटालियन नाव, पण फ्रेम तैवानची. फसवणूक नाही का? — एक वाचक, बाणेर

लपवलं असेल तरच. साच्यात एकसंध कार्बन फ्रेम काढायची तर प्रत्येक मापाला वेगळा धातूचा साचा लागतो. तो खर्च हजारो फ्रेम्सवर पसरला तरच परवडतो, आणि ते कौशल्य व तो आवाका तैवानमध्ये तयार झाला. कोलनागोचंच बघा : 1994 च्या सी-40 पासून चालत आलेली सी मालिका इटलीत बनते, व्ही मालिका तैवानमध्ये. कोलनागो वापरणाऱ्या संघातल्या रेसरांनीही कित्येक वर्षं मुख्यतः व्ही मालिका दामटली. सी मालिकेत नळ्या आणि लग वेगळे करून चिकटवण्याची पद्धत, त्यामुळे सगळ्या मापांना वेगळे साचे लागत नाहीत. इटलीत असं काम टिकून आहे ते याच रचनेमुळे. व्हेनिसजवळच्या पियानिगातलं सार्तो हे त्यातलं नामांकित. आधी कित्येक वर्षं दुसऱ्यांच्या नावाने फ्रेम्स बांधल्या, मग स्वतःच्या.

'मेड इन'चा शिक्का युरोपात शेवटची मोठी प्रक्रिया जिथे झाली त्यावर ठरतो, कल्पना जिथे सुचली त्यावर नाही. विक्रेत्याला सरळ विचारा : साच्यातून कुठे निघाली, रंग कुठे लागला, वॉरंटीत फ्रेम बदलायची वेळ आली तर ती पुण्यात किती आठवड्यांत येईल. तिसरा प्रश्न सगळ्यात महागात पडणारा आहे.

भोसरीत आमचं टिग वेल्डिंगचं वर्कशॉप आहे, ऑटोचं जॉबवर्क करतो. पुण्यातल्या एका नव्या ब्रँडने 40 स्टील फ्रेम्सचं काम विचारलंय. इटालियन नळ्या ते देणार. घ्यावं का? काय बिघडू शकतं? — एक लघुउद्योजक

घ्या, पण 40 एकदम नाही. पहिल्या 4 बांधा, त्यातल्या 2 मोडायच्या आहेत असं गृहीत धरून दर द्या.

पहिली चूक कापण्यात होते. या नळ्या दोन्ही टोकांना जाड, मध्ये पातळ असतात : एसएलची खालची नळी 0.9-0.6-0.9. जाड भाग दोन्ही टोकांना सारखा लांब नसतो, आणि सीटची नळी तर फक्त खालच्या टोकालाच जाड असते. सगळी लांबी एकाच बाजूने कापली तर जोड 0.6 च्या पत्र्यावर येतो. नळीबरोबर येणाऱ्या कागदावर जाड भागाची लांबी असते. ती मार्करने नळीवर काढून घ्या, मग करवत लावा.

दुसरी फटीची. ऑटो ब्रॅकेटला मिलिमीटरभर फट फिलरने भरून निघते. इथे टोकाची गोलाई अशी हवी की जोडात कागदाची पट्टी सरकू नये. फट भरायला जास्त करंट द्यावा लागतो आणि नळी ओढली जाते. 0.9 च्या टोकाला 40 अँपिअरच्या आसपास सुरुवात करा, आतून अर्गॉन सोडा, आणि सगळे टाके आधी मारून मग समोरासमोरच्या बाजू आळीपाळीने वेल्ड करा. बंद राहणाऱ्या प्रत्येक नळीला हवेचं छोटं भोक आधीच पाडा. नाहीतर शेवटच्या अर्ध्या सेंटिमीटरला आतली गरम हवा वितळलेला धातू फुंकून टाकते आणि तिथे पिनहोल राहतो. रंगाखाली तो दिसत नाही, पहिल्या पावसाळ्यात पाणी पितो.

क्रम असा : आधी सीटची नळी आणि बीबी शेल. सरफेस टेबलवर शेल सपाट धरून नळी काटकोनात आहे का ते पाहा. तीच पुढच्या सगळ्या मापांची पाया-रेषा. मग पुढचा त्रिकोण, पुन्हा टेबल. मागचा भाग सगळ्यात शेवटी, त्यात खरा एक्सल लावून. वेल्डनंतर शेल थोडा अंडाकृती होतोच. म्हणून आटे आणि तोंडं शेवटी साफ करायची, आधी केलेली उपयोगाची नाहीत. डोक्याच्या नळीचंही तेच.

मोडायच्या 2 फ्रेम्स आयएसओ 4210 (सायकलींच्या सुरक्षेचं आंतरराष्ट्रीय मानक) प्रमाणे तपासून घ्या. रेसिंग सायकलसाठी पायडलच्या चाचणीत 1100 न्यूटनचा जोर आळीपाळीने, 1,00,000 वेळा. भेग कुठे गेली ते बघा. वेल्डच्या कडेला नळीत गेली तर करंट जास्त झाला होता. वेल्डच्या मधोमध गेली तर फट होती किंवा फिलर चुकला.

करारात तीन कलमं मागा. नळ्या त्यांच्या, म्हणून कापण्यात वाया गेलेल्यांचा हिशोब कोणाच्या माथी. रंगानंतर सापडलेली वाकडी फ्रेम तुमची की रंगवाल्याची. यासाठी रंगाला पाठवण्याआधी दोऱ्याचं माप लिहून दोघांच्या सह्या. आणि नंबर : ब्रँडचा नंबर शेलखाली ठोकाल तेव्हा शेजारी तुमचं एक अक्षर आणि लॉटचा आकडाही ठोका, वेल्ड करण्याआधी, सुट्या शेलवर. नळीवर ठोकू नका. 0.6 च्या पत्र्यात त्या ठोक्याचीच भेग होते.